आठशे मीटरपासून बेचाळीस किलोमीटरपर्यंत



आपल्या शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर पहाटे बाहेर पडलं की पळणाऱ्या पोरी दिसतात. कुणाच्या पायात बूट, कुणी चपला कडेला काढून अनवाणी. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्यातल्याच एकीच्या आईनं मला परवा विचारलं, "बाई, एवढं पळून लेकराच्या अंगाला काही होणार नाही ना? पुढं लग्न व्हायचंय तिचं."

तिला तेव्हा दोन शब्दांत "काही होत नाही" म्हणाले, पण ते उत्तर माझं मलाच अपुरं वाटलं. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. तो शंभर वर्षांचा जुना आहे, आणि मोठमोठ्या शहाण्या माणसांनी त्याचं चुकीचं उत्तर दिलेलं आहे. आज तीच गोष्ट सांगते.

सुरुवात पुण्यापासून करू. १९१९ साली डेक्कन जिमखान्यानं खेळांच्या शर्यती भरवल्या. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बरेचसे गडी शेतकरी होते. ना शिक्षक, ना सराव. कडक रस्त्यावर अनवाणी पळत होते. तरी त्यांचा वेग पाहून टाटा चकित झाले. ही माणसं परदेशात का धावू नयेत, असं त्यांच्या मनात आलं. तयारी मात्र यथातथाच होती. शंभर यार्ड धावायला किती वेळ लागावा, असं टाटांनी निवड करणाऱ्यांपैकी एकाला विचारलं, तर उत्तर आलं, अर्धा ते एक मिनिट! तिथं हिशेब सेकंदाच्याही दहाव्या भागाचा असतो, हे ऐकून तो गृहस्थ थक्कच झाला.

अशा तयारीनिशी १९२० साली सहा खेळाडू बोटीनं युरोपात गेले. बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ऑलिंपिक होतं. मॅरेथॉनला आपले दोघे उभे राहिले. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार. मॅरेथॉन म्हणजे आज ४२ किलोमीटर १९५ मीटर, शाळेच्या ४०० मीटरच्या मैदानाला १०५ हून जास्त फेऱ्या. अँटवर्पची शर्यत तर त्याहूनही लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटरची होती. परका मुलुख, परकी भाषा, थंड पावसाळी हवा. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोहोचले आणि एकोणिसावे आले. फिनलंडचा कोलेहमाइनेन पहिला आला, तो त्यांच्या अठरा मिनिटं आधी.

या शर्यतीत बाई एकही नव्हती. तेव्हा ऑलिंपिकच्या मैदानी शर्यतींत बायकांना प्रवेशच नव्हता. तो मिळाला १९२८ साली, ॲमस्टरडॅमला. सगळ्यांत लांब शर्यत किती, तर ८०० मीटर. होय, आपल्या पोरी भरतीसाठी धावतात तेवढीच. जर्मनीची लीना राडके पहिली आली. नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. पण वर्तमानपत्रांत छापून आलं की बायका धावताना कोसळल्या, अर्ध्यातून पडल्या. दमून खाली बसणं पुरुषांनाही चुकत नाही, पण बायका बसल्या तो पुरावा झाला. बाईच्या शरीराला हे झेपत नाही, असं ठरवून ती शर्यत बंद केली, ती थेट १९६० साली पुन्हा सुरू झाली. एका खोट्या बातमीपायी बत्तीस वर्षं गेली. त्या काळात किती पोरींचं पळण्याचं वय निघून गेलं असेल!

मॅरेथॉनचं दार उघडायला आणखी वेळ लागला. अमेरिकेतल्या बोस्टनच्या शर्यतीत १९६६ साली बॉबी गिब झुडपात लपून राहिली आणि शर्यत सुटल्यावर गर्दीत मिसळून धावली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झरनं पूर्ण नाव न लिहिता नुसती आद्याक्षरं आणि आडनाव लिहून २६१ नंबर मिळवला. एक अधिकारी तिला रस्त्यातच ओढायला धावला, तरी तिनं शर्यत पुरी केली. १९७२ साली बोस्टननं बायकांना रीतसर प्रवेश दिला. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन झाली ती १९८४ साली. जोन बेनॉइट २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. पुढच्याच वर्षी आपल्या देशाच्या आशा अगरवाल यांनी हाँगकाँगची मॅरेथॉन जिंकली.

आता आपल्या मातीतली बाई. नाशिक जिल्ह्यातला सावरपाडा हा आदिवासी पाडा. तिथल्या कविता राऊत. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्णपदक घेतलं आणि त्याच वर्षी ब्राझीलमधल्या रिओला ऑलिंपिक मॅरेथॉन धावल्या. दीडशेहून जास्त बायका रस्त्यावर होत्या. कित्येक जणींनी मध्येच सोडून दिलं. कविताताईंनी शर्यत पुरी केली, २ तास ५९ मिनिटं २९ सेकंदांत. नंबर एकशे विसावा.

एकशे विसाव्या नंबरला कुणी हार घालत नाही. पण १९२८ साली ज्यांनी ८०० मीटर बाईला जड ठरवलं, त्यांना या आकड्यानं चोख उत्तर दिलं, असं मला वाटतं. बेळगावच्या चौगुल्यांपासून सावरपाड्याच्या लेकीपर्यंत ९६ वर्षं लागली. वाट लांब होती म्हणून नाही, अडवून धरली होती म्हणून.

तर त्या माउलीला आज पुरं उत्तर देते. माय, पळण्यानं लेकीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते उपाशी पळण्यानं आणि अंगात रक्त कमी असण्यानं. सरकारी दवाखान्यात तिचं हिमोग्लोबिन तपासून घे. पळून आल्यावर भाकरी-वरण, शेंगदाणे-गूळ, जमेल ते पोटभर दे. पाळीत फार त्रास झाला किंवा पाळी थांबली, तर डॉक्टरांना दाखव. आणि पहाटे ती एकटी जात असेल, तर तूही चार बाया घेऊन रस्त्याला चालायला ये. पोरी पळतील, तुमचंही फिरणं होईल.

भरतीत निवड होईल न होईल, ते तिच्या हाती नाही. पळायचं की नाही, एवढं तरी तिच्या हाती राहू द्या.