ऱ्हाइनवरील १९८६ ची आपत्ती आणि पूर्वसिद्धतेची कल्पना

ऱ्हाइनच्या प्रदूषणनिवारणाचा इतिहास १९८६ पासून सुरू झाला असे पुष्कळदा मानले जाते. ते यथार्थ नव्हे. स्वित्झर्लंड, फ्रान्स, लक्झेंबर्ग, पश्चिम जर्मनी व नेदरलँड्स या तीरस्थ देशांनी १९५० मध्येच बाझेल येथे आयोग स्थापिला होता. १९६३ च्या बर्न कराराने त्यास कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि १९७६ मध्ये रासायनिक प्रदूषणाविषयीचा स्वतंत्र करारही झाला. १९६९ साली एंडोसल्फानमुळे नदीतील मासे मोठ्या प्रमाणावर मेले होते. तेव्हा संस्था होती, पूर्वानुभवही होता. उणीव होती ती निराळ्याच ठिकाणी.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी मध्यरात्रीनंतर बाझेलनजीक श्वाइत्सरहाले येथे सांडोझ कंपनीच्या कोठारास आग लागली. आत सुमारे १,३५० टन रसायने होती. त्यांत कीटकनाशकांचा भरणा मोठा होता. अग्निशामक दलाने आग विझविली खरी. परंतु विझविण्यासाठी ओतलेले हजारो घनमीटर पाणीच ते विष घेऊन नदीत उतरले. त्या पाण्यास अडवून धरील असे कुंड तेथे नव्हते. कोठारातील रंगद्रव्याने प्रवाह तांबडा झाला, आणि सुमारे दीड लाख वाम मासे मेले. खालच्या देशांना सूचना गेल्या त्या उशिरा व अपुऱ्या.

या प्रसंगाचे मर्म येथेच आहे. आगीविरुद्धची सिद्धता हीच नदीवरील संकटाचे कारण ठरली. कारण कोठाराचा विचार करणारे आणि नदीचा विचार करणारे अधिकारी भिन्न होते. कारखान्यातील प्रक्रियेवर नियंत्रण हवे हे सेव्हेसोच्या १९७६ मधील दुर्घटनेनंतर युरोपीय समुदायाने मान्य केले होते. निव्वळ साठ्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नव्हते. ती त्रुटी १९८८ च्या दुरुस्तीने बव्हंशी भरून काढली. ऱ्हाइनकाठच्या कारखान्यांतून आगीचे पाणी साठविण्याची कुंडे बांधली गेली.

१९८७ च्या ऱ्हाइन कृतिकार्यक्रमाने २००० सालापर्यंत सामन मासा नदीत परत आणण्याचे ध्येय ठेवले. राजकारणी पुरुषांनी असे मोजता येण्याजोगे, आणि म्हणून फसण्याजोगे, ध्येय पत्करावे हे विरळाच. त्याच सुमारास जलशास्त्रज्ञांनी विषारी लोंढ्याच्या प्रवासाचे गणित मांडणारे प्रतिमान तयार केले. लोंढा कोणत्या गावी केव्हा पोहोचेल व तेथे त्याची तीव्रता किती असेल याचा अंदाज त्यामुळे बांधता येऊ लागला, आणि नदीचे पाणी उचलण्याची तोंडे केव्हा मिटावी व केव्हा उघडावी हे जलकेंद्रांना आधी ठरविता येऊ लागले.