"त्यांच्या घराण्यातच आहे": कॅलिकॅक कुटुंबाची गोष्ट

मूल उशिरा बोलायला लागलं किंवा शाळेत मागे पडलं, की तपासणीच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "हिच्या माहेरी एक काका असाच होता." बहुतेक वेळा ते मुलाच्या आजीचं असतं आणि ते ऐकताना मुलाची आई खाली बघत असते. मी विचारतो, असाच म्हणजे कसा? शाळेत कितवीपर्यंत गेला होता? काम काय करायचा? एकदा अशाच एका काकांची चौकशी करता करता निघालं, की लहानपणीच्या आजारात ते बहिरे झाले होते आणि पुढे तीसेक वर्षं शिंपीकाम करून त्यांनी घर चालवलं. गावाने त्यांना 'वेडा' म्हटलं आणि तो शिक्का पुतणीच्या मुलापर्यंत येऊन पोचला.

घराण्यातल्या आजारांची माहिती विचारणं हा आमच्या कामाचा भाग आहे. मधुमेह, हृदयविकार, काही प्रकारचे कर्करोग यांत ती फार उपयोगी पडते. पण ही माहिती ऐकीव असेल आणि ऐकणाऱ्याचं मत आधीच ठरलेलं असेल, तर काय होतं? अमेरिकेतल्या एका कुटुंबाच्या बाबतीत जे झालं ते मला नेहमी आठवतं. त्यांची वंशावळ एका शास्त्रज्ञाने छापली, ती जगभर गाजली, आणि जवळजवळ नव्वद वर्षांनी जनगणनेच्या याद्या आणि जमिनीच्या कागदांनी ती खोटी ठरवली.

न्यू जर्सी राज्यात व्हाइनलँड नावाचं गाव आहे. तिथे बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांसाठी एक निवासी शाळा होती. हेन्री हर्बर्ट गोडार्ड हे मानसशास्त्रज्ञ १९०६ पासून तिथे संशोधन विभागाचे प्रमुख होते. फ्रान्समध्ये बिने यांनी तयार केलेली बुद्धिचाचणी अमेरिकेत आणणारे तेच, आणि 'मोरॉन' हा शब्द १९१० मध्ये घडवणारेही तेच. आज तो शिवी म्हणून वापरला जातो, तेव्हा ते निदान होतं.

या शाळेत १८९७ मध्ये आठ वर्षांची एक मुलगी दाखल झाली. तिचा जन्म अनाथ-गरिबांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात झाला होता, आईचं लग्न झालेलं नव्हतं, आणि मुलीचं शाळेत नीट जमत नाही असं कारण दाखल करताना दिलं होतं. गोडार्ड यांनी पुस्तकात तिला 'देबोरा कॅलिकॅक' हे टोपणनाव दिलं. 'कॅलिकॅक' हे आडनाव दोन ग्रीक शब्द जोडून केलेलं, एकाचा अर्थ सुंदर आणि दुसऱ्याचा वाईट. निष्कर्ष आडनावातच सांगून टाकला होता म्हणा ना!

१९१२ मध्ये आलेल्या त्या पुस्तकातली गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात चांगल्या घरातला एक तरुण सैनिक, 'मार्टिन कॅलिकॅक', एका दारूच्या गुत्त्यात मंदबुद्धी मुलीला भेटला. तिला त्याच्यापासून मुलगा झाला. तिने मुलाला बापाचंच पूर्ण नाव दिलं. हा धाकटा मार्टिन पुढे लोकांत 'ओल्ड हॉरर', म्हणजे म्हातारा भयंकर, म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्यापासून ४८० वंशज झाले, त्यांपैकी १४३ मंदबुद्धी, आणि नक्की सर्वसाधारण म्हणता येतील असे फक्त ४६. थोरला मार्टिन मात्र युद्धानंतर घरी परतला आणि त्याने एका सालस क्वेकर मुलीशी लग्न केलं. त्या बाजूचे ४९६ वंशज, सगळे प्रतिष्ठित. एक बाप, दोन आया, दोन घराणी. निसर्गाने स्वतःच प्रयोग करून दाखवला, असं वाचणाऱ्याला वाटावं.

ही आकडेवारी गोळा कशी केली, ते बघण्यासारखं आहे. गोडार्ड यांच्या हाताखाली एलिझाबेथ काइट नावाच्या क्षेत्र-कार्यकर्त्या होत्या. त्या न्यू जर्सीच्या खेड्यांतून फिरल्या, वंशजांच्या घरी गेल्या, म्हाताऱ्या शेजाऱ्यांशी बोलल्या. जिवंत माणसांचं निदान बरंचसं नजरेने झालं. घर अस्वच्छ, मुलं मळकी, बाई गोंधळलेली, की आकृतीतल्या चौकोनात किंवा वर्तुळात काळा रंग आणि आत 'एफ' हे अक्षर, म्हणजे मंदबुद्धी. मेलेल्यांचं निदान शेजाऱ्यांच्या आठवणीवरून. आणि गुत्त्यातल्या त्या मुलीचं, जिचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही, तिचं निदान सव्वाशेहून जास्त वर्षांनी. मी रोज समोर बसलेल्या माणसाचं निदान करताना चुकू शकतो, म्हणून हे वाचताना मला घाम फुटतो.

पुस्तक तुफान चाललं. १९१४ मध्ये त्याचं जर्मन भाषांतर झालं. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कॅलिकॅकच्या दोन शाखांची चित्रं कितीतरी वर्षं छापली जात राहिली. 'वाईट रक्त' पुढे जाऊ नये म्हणून माणसांची सक्तीने नसबंदी करणारे कायदे अमेरिकेत १९०७ पासून, इंडियाना राज्यापासून, सुरू झालेच होते. त्या विचाराला हे पुस्तक म्हणजे तयार पुरावा मिळाला. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीच्या नसबंदीला मान्यता दिली. आई, मुलगी आणि नात अशा तिन्ही पिढ्या मंदबुद्धी आहेत, हा त्यामागचा युक्तिवाद. नात तेव्हा तान्ही होती, सात-आठ महिन्यांची असताना 'काहीतरी बरोबर वाटत नाही' एवढ्यावर तिचा निकाल लागला. पुढे तिच्या शाळेच्या नोंदी सापडल्या. ती हुशार मुलांच्या यादीत होती. आठव्या वर्षी आजाराने गेली. विसाव्या शतकात अमेरिकेत साठ हजारांहून जास्त लोकांची अशी नसबंदी झाली.

आता कागदांकडे येऊ. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. पहिली साठ वर्षं यादीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असायचं, बाकीच्यांची नुसती संख्या. १८५० मध्ये मोठा बदल झाला. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, धंदा, जन्मस्थान, मालकीच्या जमिनीची किंमत, आणि विशीच्या वरच्या माणसाला लिहिता-वाचता येत नसेल तर तशी खूण. शिवाय एक रकाना मुक्या-बहिऱ्यांचा, आंधळ्यांचा, वेड्यांचा आणि मतिमंदांचा. गुलामांची नावं मात्र त्यातही नव्हती, त्यांची वेगळी यादी व्हायची आणि तीत फक्त वय, लिंग, वर्ण. कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबांचा मागोवा १८७० च्या मागे जाताना अडखळतो, तो यामुळे. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हे लिहायला सुरुवात १८८० मध्ये झाली. १८९० च्या याद्या १९२१ च्या आगीनंतर बहुतांश नष्ट झाल्या, त्यामुळे वंशशोधकांना तिथे वीस वर्षांची उडी मारावी लागते.

जनगणनेच्या जोडीला काउंटीच्या कचेरीतली खरेदीखतं, मृत्युपत्रं, लग्नाच्या नोंदी, चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार चाळून जसं चार पिढ्यांचं भांडण समजतं, तसंच. हे कागद काही कुणाच्या बुद्धीबद्दल मत देत नाहीत. कोणी, कधी, किती पैसे देऊन काय घेतलं, एवढंच सांगतात. त्यांच्यातही चुका असतात. आडनाव एका ठिकाणी एक 'ओ' घालून, दुसरीकडे दोन घालून. वय दर जनगणनेत आठच वर्षांनी वाढलेलं. पण त्या चुका कोणाला बदनाम करण्यासाठी केलेल्या नसतात, आणि चार वेगवेगळे कागद एकमेकांशी ताडून पाहता येतात.

देबोराचं खरं नाव एमा वुल्व्हर्टन. जे. डेव्हिड स्मिथ या अभ्यासकाने १९८५ मध्ये गोडार्ड यांच्या पुस्तकाची सविस्तर उलटतपासणी प्रसिद्ध केली. मग डेव्हिड मॅकडोनल्ड आणि नॅन्सी मॅकअ‍ॅडम्स या वंशशोधकांनी संपूर्ण वुल्व्हर्टन घराण्याचा इतिहास मूळ कागदांवरून बांधला. तो २००१ मध्ये छापून आला.

कागदांत काय निघालं? ज्याला 'म्हातारा भयंकर' म्हटलं तो जॉन वुल्व्हर्टन, जन्म १७७६, मृत्यू १८६१. तो कोणा गुत्त्यातल्या मुलीचा अनौरस मुलगा नव्हताच. गेब्रिएल वुल्व्हर्टन आणि त्याची लग्नाची बायको कॅथरीन मरे यांचा तो मुलगा. दोन्ही शाखा एकाच विस्तारलेल्या घराण्यातल्या, आणि त्या घराण्यात जॉन हे नाव एकाहून जास्त जणांचं. एका जॉनचं पोर दुसऱ्या जॉनच्या नावावर घालणं, ही तर वंशावळ मांडणाऱ्या नवशिक्याची नेहमीची चूक. फक्त इथे तिच्यावर एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. १८०९ मध्ये या जॉनने जमिनीचे दोन तुकडे रोख पैसे देऊन विकत घेतले. १८५० च्या जनगणनेत तो म्हातारा झालेला आहे, मुलगी आणि नातवंडं सोबत आहेत, आणि घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना वाचता येतं. पुढच्या पिढ्यांत गरीब शेतकरी सापडतात, तसे शाळामास्तर, बँकेचा खजिनदार आणि लष्करी विमानाचा वैमानिकही सापडतात. म्हणजे कुठल्याही मोठ्या कुटुंबात सापडतील तसेच लोक.

गुत्त्यातली मुलगी गेली, की दोन आयांचा सगळा प्रयोगच गेला.

पण समजा, कागद सापडलेच नसते, तरी गोष्टीत एक वैद्यकीय भोक होतं. गोडार्ड यांनी मंदबुद्धी हा मेंडेलच्या वाटाण्यासारखा एकाच जनुकाचा, अप्रभावी गुण मानला होता. अप्रभावी गुण मुलात दिसायला तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. मग धाकटा मार्टिन मंदबुद्धी असेल, तर थोरल्या, 'चांगल्या रक्ताच्या' मार्टिनकडेही तो जनुक हवा, आणि तो त्याच्या लग्नाच्या बायकोच्या मुलांतही साधारण निम्म्यांत उतरायला हवा. म्हणजे एक रक्त शुद्ध आणि एक अशुद्ध, ही वाटणी त्यांच्याच नियमात बसत नव्हती.

आज आपल्याला माहीत आहे, की बौद्धिक अक्षमता हा एक आजार नाही. तिची कारणं शेकडो आहेत. काही खरोखर जनुकीय: फ्रॅजाइल एक्स, फिनाइलकीटोन्युरिया. डाउन सिंड्रोमही जनुकीयच, पण बहुतेक वेळा आईबापांकडून 'आलेला' नसतो, गर्भधारणेच्या वेळी एक गुणसूत्र जास्त येतं इतकंच. आणि मग घराण्याशी काही संबंध नसलेली कारणं: गरोदरपणात आयोडीन कमी पडणं, बाळंतपणात बाळ गुदमरणं, नवजात बाळाची थायरॉइड ग्रंथी काम न करणं, गरोदरपणातली दारू, मेंदूज्वर, शिसं. थायरॉइडचा दोष तर जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर कळतो आणि रोजच्या एका स्वस्त गोळीने मूल चांगलं वाढतं. अशा मुलाकडे बघून "घराण्यातच आहे" म्हणत बसलो, तर ते दिवस हातचे जातात.

म्हणून घराण्याची माहिती आणाल तेव्हा शक्य तितके कागद आणा, ही माझी विनंती असते. काकांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनी डिस्चार्ज कार्डं, मृत्यूचा दाखला. आजार कितव्या वर्षी सुरू झाला, हे आजाराच्या नावाइतकंच महत्त्वाचं. आणि नक्की माहीत नसेल तर "माहीत नाही" असं सांगा. वंशावळीच्या आकृतीत त्यासाठी प्रश्नचिन्ह असतं, ते काढायला मला काही कमीपणा वाटत नाही.

गोडार्ड यांनी १९२८ मध्ये आपली बरीच मतं मागे घेतली. ज्यांना आपण मोरॉन म्हटलं, त्यांतल्या बहुतेकांना संस्थेत डांबायची गरज नाही, असं त्यांनी लिहिलं. एमा तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती आणि संस्थेतच होती. चाचणीत तिचं बौद्धिक वय नऊ वर्षांचं ठरलं होतं. ती उत्तम शिवणकाम आणि सुतारकाम करायची, कॉर्नेट वाजवायची. संस्थेतली लहान मुलं आणि आजारी माणसं सांभाळायचं काम तिच्याकडे असे. १९१४ मध्ये तिला रस्त्यापलीकडच्या सरकारी संस्थेत हलवलं, तेवढंच तिचं स्थलांतर. म्हातारपणी तिला बाहेर जाण्याची मुभा देऊ केली, तेव्हा तिने नको म्हटलं. १९७८ मध्ये, ८९ व्या वर्षी ती वारली. तिच्या आयुष्यातली ८१ वर्षं संस्थेत गेली होती. जॉन वुल्व्हर्टनच्या आईचं नाव छापून यायला अजून तेवीस वर्षं होती.