लाल गोळ्याखालचा हिरवा खुंट

कुठल्याही शहरातल्या नर्सरीत पैसे द्यायच्या टेबलाजवळ एक ट्रे हमखास असतो. त्यात बोटभर उंचीची, तीन धारांची हिरवी खोडं आणि प्रत्येक खोडाच्या डोक्यावर एक लाल, पिवळा किंवा केशरी गोळा. नाव 'मून कॅक्टस'. इन्स्टावर तुम्ही तो पाहिलाच असेल, कदाचित तुमच्या ऑफिसच्या टेबलावरही असेल. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, वर आलेलं ते फूल आहे. थोडी माहिती असलेल्याला वाटतं, हे एक रंगीत झाड आहे. खरं तर ती दोन वेगळी झाडं आहेत, आणि त्यातलं वरचं झाड खालच्याशिवाय फार काळ जगू शकत नाही.

मी गेली काही वर्षं गॅलरीत बियांपासून कॅक्टस वाढवते आणि त्यांची कलमं करते. ब्लेड, स्पिरिट आणि चिमटा एवढीच माझी प्रयोगशाळा. पण हे काम करताना एक प्रश्न डोक्यात घर करून बसला: एका झाडाचं डोकं दुसऱ्या झाडाच्या धडावर बसवायचं, हे माणसाला सुचलं कधी? आणि तेही काटेरी झाडाबाबत?

लेखणी, कायदा आणि आंबा

'कलम' हा शब्द मराठीत तीन ठिकाणी भेटतो: लिहायची लेखणी, कायद्यातलं कलम आणि आंब्याचं कलम. मूळ अरबी 'क़लम' म्हणजे बोरूची लेखणी. बोरू जसा तिरका तासतात, तशीच फांदी तिरकी तासावी लागते. फारसीतून हा शब्द आपल्याकडे आला तो दोन्ही अर्थ घेऊन.

कल्पना मात्र शब्दापेक्षा जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. एका झाडाची फांदी दुसऱ्यावर बसवून सांध्याला शेणाचा लेप देण्याची पद्धत त्यात सांगितली आहे. त्याच्याही आठ-नऊशे वर्षं आधी ग्रीसमध्ये थिओफ्रास्टसने कलमांबद्दल लिहून ठेवलं होतं. पोर्तुगीज गोव्यात आले आणि जेझुइट पाद्र्यांनी आंब्यावर पद्धतशीर कलमं बांधायला सुरुवात केली, तेव्हा कोकण आणि गोव्याच्या आंब्याचं नशीबच पालटलं. कोयीपासून उगवलेला आंबा आईसारखाच निघेल याची खात्री नसते. कलमाचा आंबा मात्र हुबेहूब तोच असतो. हापूस हे नाव अफोन्सो द आल्बुकर्कवरून आलं. मानकुराद, फर्नांदिन ही नावंही त्याच काळाची खूण अंगावर घेऊन वावरतात.

पण हापूसच्या कलमाखाली काय असतं? बहुतेक वेळा रायवळ आंब्याच्या कोयीतून आलेलं रोप. चिकूखाली खिरणी असते. नाशिक-सांगलीच्या कित्येक द्राक्षबागांखाली 'डॉगरिज' हा अमेरिकी खुंट असतो. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षमळे मुळापासून उद्ध्वस्त केले, तेव्हा तिथली वाइन वाचली ती अमेरिकी द्राक्षाच्या मुळांवर युरोपी वेली बांधून. फळाचं नाव होतं, बोली लागते, पेटीवर छापलं जातं. खुंटाला नाव असलं तरी ते फक्त शेतकऱ्याला आणि रोपवाटिकेवाल्याला माहीत असतं.

निवडुंग कोणता, कॅक्टस कोणता

पुढे जाण्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. आपल्या बांधावरचे सगळे 'निवडुंग' कॅक्टस नसतात. तोडल्यावर पांढरा चीक येणारा त्रिधारी निवडुंग हा युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातला. खऱ्या कॅक्टसचे काटे कापसासारख्या लवदार छोट्या गादीतून निघतात. युफोर्बियाला ती गादी नसते. दिसायला दोघं सख्खे भाऊ वाटतात, पण नातं काहीच नाही. म्हणून त्रिधारी निवडुंगावर कॅक्टसचं कलम कधीच जगत नाही. कलमाला कुळ जुळावं लागतं, चेहरा नव्हे.

कॅक्टसचं कुळ जवळजवळ पूर्णपणे अमेरिका खंडांचं. 'रिप्सालिस बॅक्सिफेरा' ही एकच लोंबती जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही आपोआप वाढताना सापडते. बाकी सगळे जहाजाने जगभर गेले. आपला फड्या निवडुंगही त्यातलाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंग हवा होता. निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील किड्यांपासून तो मिळतो आणि त्या व्यापारावर स्पेनची पकड होती. म्हणून कंपनीने भारतात निवडुंग आणि किडे दोन्ही आणवले. हाती आलेला किडा हलक्या प्रतीचा निघाला आणि रंगाचा धंदा बसला. निवडुंग मात्र इथेच राहिला आणि दक्षिणेत इतका माजला, की पुढे त्याला आवरायला पुन्हा त्याच जातकुळीचे किडे सोडावे लागले.

युरोपात कॅक्टस काचघरात गेले. व्हिक्टोरियन काळातल्या माळ्यांची एक आवडती करामत होती: लोंबत्या फांद्यांचा ख्रिसमस कॅक्टस 'पेरेस्किया'च्या उंच काठीवर बांधायचा, म्हणजे फुलांची छत्री तयार होते. पेरेस्किया हा कॅक्टस असूनही त्याला चक्क पानं असतात. लंडनच्या क्यू उद्यानात काम करणाऱ्या विल्यम वॉटसनने १८८९ साली हौशी लोकांसाठी कॅक्टसवर पुस्तक लिहिलं, त्यात कलमांवर वेगळा भाग आहे. म्हणजे तोवर हे तंत्र घराघरांतल्या हौशींपर्यंत पोचलं होतं.

पॅराग्वेचं बी, जपानचं ब्लेड

आता तो लाल गोळा. शास्त्रीय नाव 'जिम्नोकॅलिशियम मिहानोविची'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्बेर्तो फ्रिच हा चेक भटक्या पॅराग्वेत झाडं गोळा करत हिंडत होता. त्याने आणलेल्या या छोट्या, करड्या-हिरव्या, आडव्या पट्ट्यांच्या कॅक्टसला १९०५ मध्ये नाव मिळालं. ते नाव ना पॅराग्वेचं, ना फ्रिचचं. ते आहे निकोलास मिहानोविच या जहाज कंपनीच्या मालकाचं. रानातलं हे झाड झुडपांच्या सावलीत, धुळीच्या रंगात मिसळून बसलेलं असतं. त्याला कुणी टेबलावर ठेवायला विकत घेतलं नसतं.

या जातीच्या एका तांबूस प्रकाराचं बी जपानला पोचलं. १९४१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी जपान अमेरिकेविरुद्ध युद्धात उतरला त्याच वर्षी, एइजी वातानाबे या रोपवाटिकाकाराच्या वाफ्यात काही वेगळंच उगवलं. हजारो रोपांत दोन रोपं लाल होती.

लाल म्हणजे आजारी नव्हेत. त्यांच्यात हरितद्रव्यच नव्हतं. हिरवा पडदा गेल्यामुळे आत आधीपासून असलेला बीटासारखा लाल रंग उघडा पडला होता. अशी रोपं निसर्गात जन्माला येतात आणि मरतात. बियांच्या शिदोरीवर काही दिवस काढतात, पण स्वतःचं अन्न करता येत नाही म्हणून शिदोरी संपली की संपतात. कॅक्टस पेरणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. माझ्याही ट्रेत एखादं गुलाबी-पांढरं रोप येतं आणि दोन-तीन आठवड्यांत पाण्यासारखं होऊन जातं.

वातानाबेंनी ती दोन रोपं दुसऱ्या हिरव्या कॅक्टसवर बांधली आणि ती जगली. या प्रकाराला नाव मिळालं 'हिबोतान', म्हणजे किरमिजी पिओनी. लाल गोळ्याच्या बगलेत पिल्लं फुटतात. ती खुडायची आणि नव्या खुंटावर बसवायची. असं करत मरायला निघालेल्या रोपांचा वंश जगभर पसरला. पुढे हा व्यवसाय दक्षिण कोरियाने उचलला. तिथल्या सरकारी कॅक्टस संशोधन केंद्रात नवे रंग तयार होतात आणि जगाला कलमी कॅक्टस पुरवण्यात कोरिया सर्वांत पुढे आहे.

खालच्याची गोष्ट

आणि तो तीन धारांचा हिरवा खुंट कोण? हायलोसेरियस. तुम्ही तो खाल्लेला आहे. ड्रॅगन फ्रूट ज्या वेलीला लागतं, तीच ही. मेक्सिको-मध्य अमेरिकेतली, झाडांवर चढणारी, रात्री ताटलीएवढं पांढरं फूल उमलवणारी. फ्रेंचांमार्फत ती व्हिएतनामला गेली. आज सांगली-सोलापूरच्या कोरडवाहू शेतांत सिमेंटच्या खांबांवर चढते आहे. गुजरात सरकारने २०२१ मध्ये तिच्या फळाचं नाव 'कमलम' ठेवलं.

तिला खुंट म्हणून निवडलं, कारण ती भराभर वाढते, स्वस्त आहे आणि कुणालाही डोक्यावर घेते. पण ती उष्ण, दमट रानातली वेल आहे. थंडी सोसत नाही, कुंडीत पाणी साचलं की कुजते. त्यात विक्रीसाठी तिला बोटभर कापलेलं असतं. त्या बोटभर हिरव्या सालीला स्वतःचं पोट भरायचं असतं आणि डोक्यावरच्या गोळ्याचंही. आपण ते झाड एसी ऑफिसच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतो. खुंट उपाशी मरतो, मग गोळा मरतो, आणि आपण म्हणतो, 'माझ्याकडे कॅक्टससुद्धा जगत नाही.'

त्याला सकाळचं ऊन हवं आणि माती पूर्ण वाळल्यावरच पाणी. खुंट खालून पिवळा, मऊ पडू लागला की गोळा कापून नव्या खुंटावर बसवता येतो. झाड संपलेलं नसतं, फक्त धड बदलायची वेळ आलेली असते. हे विकताना कुणी सांगत नाही.

गॅलरीतलं कलम

माझं काम याहून बारीक आहे. मी बियांतून नुकत्याच आलेल्या, तीन-चार आठवड्यांच्या रोपांची कलमं करते. रोप असतं ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यासाठी खुंट लागतो पेरेस्किऑप्सिसचा. हाही पानांचा कॅक्टस, पेन्सिलीहून बारीक. त्याची वीतभर काडी ओलसर वाळूत खोचली की आपल्याकडच्या हवेत दोन-तीन आठवड्यांत मुळं धरते. पावसाळ्यात तर थांबतच नाही. त्याचे केसाएवढे काटे बोटांत शिरले की दोन दिवस आठवण देतात.

ब्लेड स्पिरिटने पुसायचं. खुंटाचा कोवळा शेंडा एका झटक्यात उडवायचा. रोप मुळांच्या वर कापायचं आणि ओला काप ओल्या कापावर टेकवायचा. कॅक्टसच्या खोडात मध्यभागी वाहिन्यांचं एक कडं असतं. वरचं कडं आणि खालचं कडं कुठेतरी एकमेकांना छेदलं पाहिजे, सगळं रहस्य एवढंच. दोन्ही जखमांतून नव्या पेशी येतात, मिसळतात, आणि त्यांतून पाणी-साखरेच्या नळ्या जोडल्या जातात. वरून किंचित दाब द्यायचा आणि आठवडाभर दमट हवेत, प्लास्टिकच्या डब्याखाली, सावलीत ठेवायचं. रोप फुगलं आणि चमकू लागलं की समजायचं, जमलं.

मग वेग बघावा. स्वतःच्या मुळांवर फुलायला पाच-सहा वर्षं घेणारा अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास इथे वर्ष-दीड वर्षात फुलतो. जुने छंदिष्ट नाकं मुरडतात. म्हणतात, कलमी झाड सुजल्यासारखं दिसतं, त्याला रानातला रेखीवपणा नसतो. त्यांचं खरं आहे. शिवाय जड झालेलं डोकं ही बारीक काडी फार काळ पेलत नाही. ते उतरवून त्याच्या स्वतःच्या मुळांवर लावावं लागतं किंवा जाड खुंटावर न्यावं लागतं.

घाई कुणाला महाग पडते

पण मला या वेगात फक्त गंमत दिसत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार कॅक्टसच्या ३१ टक्के जाती धोक्यात आहेत. शेती आणि वस्ती ही कारणं आहेतच, पण हौशी लोकांसाठी रानातून झाडं आणि बी उचलणं हे एक मोठं कारण आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७५ पासून निर्बंध आहेत, तरी चोरी थांबलेली नाही. २०२० मध्ये इटलीतल्या सेनिगालिया गावात एका घरातून हजाराहून अधिक दुर्मीळ कॅक्टस जप्त झाले. चिलीच्या अटाकामा वाळवंटातून उपटून आणलेले. त्यातले काही माझ्या आजीपेक्षा वयाने मोठे असतील. पुढच्या वर्षी आठशेहून अधिक झाडं चिलीला परत पाठवली गेली.

ही झाडं चोरली जातात, कारण ती हळू वाढतात आणि आपल्याला थांबायचं नसतं. चारशे वर्षांचा तपस्वी आजच्या आज शेल्फवर हवा असतो. कलम या घाईवर एक प्रामाणिक तोड देतं. देशातल्याच एखाद्या छंदिष्टाच्या झाडाला मी दिलेलं पराग, त्याने मला दिलेलं बी, माझ्या खुंटावर दीड वर्षात फुललेलं झाड, त्याचं पुन्हा बी. यात वाळवंटातला एकही दगड हलत नाही. जी जात रानात शंभर वर्षांत जमते, तिची शंभर रोपं एका गॅलरीत तयार होऊ शकतात. ती रानाची भरपाई करत नाहीत, पण रानातून झाड उपटण्याचं निमित्त तरी कमी करतात.

म्हणून पुढच्या वेळी दुर्मीळ कॅक्टस ऑनलाइन घेताना फोटो नीट बघा. अंगावर व्रण, बुडाला लाकडासारखी साल, तुटलेली जाड मुळं, एकाही झाडाचा आकार दुसऱ्यासारखा नाही, असं दिसलं तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: हे बीपासून कुणी वाढवलं आणि कधी? उत्तर मिळालं नाही, तर पैसे खिशातच ठेवा. आणि उत्तर म्हणून एखादा सुजलेला, ओबडधोबड, हिरव्या काडीवर बसलेला कलमी गोळा समोर आला, तर बिनधास्त घ्या. त्याला दोन मुळं आहेत: एक बियातलं, दुसरं माणसाच्या धीरातलं.