शहराची पाठ: रत्नागिरी आणि कुवारबाव

उपनगर म्हटले की मराठी वाचकाला मुंबईच आठवते. महानगर ओसंडून वाहते आणि भोवतालची गावे त्यात बुडतात, असे ते चित्र. रत्नागिरीचे उदाहरण या चित्रात बसत नाही, आणि म्हणूनच आम्हांला ते विचारार्ह वाटते.

रत्नागिरी हे समुद्राकडे तोंड करून वाढलेले गाव. 1822 मध्ये इंग्रजांनी दक्षिण कोकणचे मुख्य ठाणे बाणकोटहून येथे हलविले, त्यानंतर कचेऱ्या आल्या, शाळा आल्या, पेठ वाढली. मुंबईला जायचे ते बोटीने. नाचणे, मिरजोळे, कुवारबाव ही गावे या शहराच्या पाठीमागे, जांभ्याच्या सड्यावर. पावसाळ्यात भात-नाचणी, उन्हाळ्यात आंबा, एरवी उघडा कातळ. ‘बाव’ म्हणजे विहीर. तो शब्द कुवारबावच्या नावात अजून टिकून आहे.

मग बोटी थांबल्या आणि एस.टी.चा रस्ता हाच मुख्य मार्ग झाला. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. खाड्या, डोंगर आणि बोगदे यांचा हिशेब करीत आलेला हा लोहमार्ग किनाऱ्यावरच्या जुन्या पेठेपर्यंत येणे शक्यच नव्हते. स्थानक झाले ते कुवारबावला. महामार्गाकडे जाणारा हातखंब्याचा रस्ताही तिथूनच जातो आणि मिरजोळ्याची औद्योगिक वसाहतही याच बाजूची. येणारा प्रवासी आता शहरात मागील दाराने शिरू लागला आणि मागील दारच दर्शनी झाले.

ही वाढ कशातून झाली? जनगणनेचे आकडे बोलके आहेत. 2001 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 96 हजार होती. 2011 मध्ये ती 16 लाख 15 हजारांवर उतरली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया 1,122. चाकरमान्यांच्या जिल्ह्याचा हा जुनाच ताळेबंद. पण याच दशकात नागरी लोकसंख्येचा वाटा सुमारे 11 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर गेला. त्यातली काही वाढ माणसे हलल्याची, काही गावांवरचा शिक्का बदलल्याची. म्हणजे येथे ओसंडलेल्या शहरापेक्षा ओसरलेल्या खेड्यांचा हात अधिक आहे. मुंबईला न गेलेले, किंवा तिथून निवृत्त होऊन परतलेले कुटुंब मूळ वाडीत राहत नाही. शाळा, दवाखाना आणि गाडी जवळ असेल तिथे, शहराच्या कडेला, दोन खोल्या घेते.

या वस्तीला काय म्हणावे? किमान पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशेची दाटी आणि पुरुष कामकऱ्यांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर, या कसोट्यांवर जनगणना अशा गावांना ‘नगर’ ठरवते. 2011 मध्ये नाचणे व कुवारबाव ही अशी नगरे ठरली. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच. इमारती शहराच्या, सांडपाणी शहराचे आणि तिजोरी गावाची. हद्दवाढीचा विषय निघाला की ग्रामसभा जाईल आणि कर वाढतील ही धास्ती. तो मागे पडला की गटारांचा प्रश्न तसाच. ही कोंडी केवळ प्रशासकीय नाही. आपण कोठले, या प्रश्नाचे उत्तरच तिने अधांतरी ठेवले आहे.

साहित्यातही हीच पोकळी दिसते. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ने (1952) कोकणातले खेडे मराठी कादंबरीत ठामपणे उभे केले; मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’ने मुंबईतली झोपडवस्ती दाखविली. गाव आणि मुंबई ही दोन टोके आपल्या वाङ्मयाला चांगली परिचित आहेत. मधली ही जागा, जिथे आज अनेक विद्यार्थी प्रत्यक्ष राहतात, तिला अद्याप आपला लेखक भेटायचा आहे.

तोवर निदान तिचा इतिहास तरी लिहिला जावा. त्याची साधने दूर नाहीत: सातबारा, फेरफाराच्या नोंदी, ग्रामपंचायतीची घरपट्टीची वही आणि सड्यावर गुरे चारलेल्या वृद्धांची स्मरणे. पहिल्या तीन वस्तू दप्तरात राहतील. चौथी फार काळ थांबणार नाही.