तारापूरचे इंधन : ऊर्जासुरक्षा आणि राजनय (१९६३ ते २००८)

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातील वणी परिसर हा वर्धा खोऱ्यातील कोळसापट्ट्याचा एक भाग होय. राजूर, कुंभारखणी, घोन्सा ही येथील खाणींची परिचित नावे आहेत. या पट्ट्यातील कोळसा वीजकेंद्रापर्यंत पोहोचविताना वाघिणींची, रस्त्यांची वा दराची अडचण येऊ शकते. परंतु त्यासाठी परराष्ट्राच्या संसदेची संमती लागत नाही. याच राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील तारापूर अणुवीज केंद्राची स्थिती मात्र सर्वस्वी निराळी होती. त्याच्या इंधनाचा प्रश्न अनेक वर्षे दिल्ली आणि वॉशिंग्टन यांच्या संबंधांतील कळीचा मुद्दा ठरला. ऊर्जाधोरण, राष्ट्रीय सुरक्षा आणि राजनय यांचा परस्परसंबंध समजून घेण्यासाठी तारापूरचा इतिहास म्हणूनच उद्बोधक आहे.

करारातील परस्पर बंधने

कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या प्रदेशात अणुवीज किफायतशीर ठरेल, ही डॉ. होमी भाभा यांची भूमिका होती. मुंबई आणि गुजरात यांची विजेची वाढती मागणी लक्षात घेता तारापूरची निवड या भूमिकेशी सुसंगत होती. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या दोन अणुभट्ट्यांतून १९६९ मध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. हे भारताचे पहिले अणुवीज केंद्र होय.

या अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागत असे. भाभांच्या त्रिस्तरीय कार्यक्रमाचा पाया मात्र देशात उपलब्ध असलेल्या नैसर्गिक युरेनियमवर होता. वीज लवकर मिळावी यासाठी तारापूरपुरता हा अपवाद स्वीकारला गेला. कराराने अमेरिकेवर ३० वर्षे इंधन पुरविण्याची जबाबदारी टाकली. त्याच वेळी तारापुरात अमेरिकेने पुरविलेल्या इंधनाव्यतिरिक्त अन्य समृद्ध इंधन वापरायचे नाही, हे बंधन भारताने मान्य केले. केंद्र आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आले. बंधन दोन्ही बाजूंवर होते, आणि पुढील सर्व वादाचे मूळ या दुहेरीपणात आहे.

१९७४ नंतरचा पेच

१८ मे १९७४ रोजी भारताने पोखरण येथे अणुचाचणी केली. या चाचणीत तारापूरचे इंधन वापरले गेले नव्हते. तरीही तिची झळ तारापूरला पोहोचली. १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारबंदीचा नवा कायदा केला. ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला इंधन देण्यावर या कायद्याने निर्बंध आणले. ही अट मोरारजी देसाई यांच्या जनता सरकारला मान्य नव्हती आणि त्यानंतरच्या इंदिरा गांधी सरकारलाही नव्हती. एका देशाच्या अंतर्गत कायद्याने आधीच्या द्विपक्षीय कराराचा अर्थ बदलू शकतो काय, हा भारताचा मूलभूत प्रश्न होता.

मे १९८० मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने इंधनाचा परवाना नाकारला. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्य उतरले असताना भारताला दुखविणे अध्यक्ष कार्टर यांना परवडणारे नव्हते. त्यांनी जूनमध्ये आपल्या अधिकारात निर्यातीस संमती दिली. प्रतिनिधिगृहाने तिला विरोध केला. सप्टेंबर १९८० मध्ये सिनेटमधील विरोधाचा ठराव ४६ विरुद्ध ४८ मतांनी फेटाळला गेला. पश्चिम भारतातील विजेचे भवितव्य त्या दिवशी दोन मतांच्या फरकावर अवलंबून होते.

भारताची बाजूही निःशस्त्र नव्हती. तारापूरच्या आवारात वापरलेले इंधन साठत होते आणि त्यात प्लुटोनियम होते. अमेरिकेने करार मोडला, तर त्यातील बंधनांतून आणि तपासणीच्या जबाबदारीतून भारतही मुक्त होतो, असा युक्तिवाद भारताला करता येत होता. ही शक्यता अमेरिकेला नको होती. पुरवठा थांबविण्याचा अधिकार जसे दडपणाचे साधन होता, तसेच साठलेले इंधन हे प्रतिदडपणाचे साधन बनले.

तिसऱ्या देशाचा मार्ग

जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधी यांच्या अमेरिका भेटीत तोडगा निघाला. मूळ करार कायम ठेवून इंधन फ्रान्सने पुरवावे, असे ठरले. अमेरिकेचा कायदा अबाधित राहिला, तारापूरची तपासणी चालू राहिली आणि केंद्रही चालू राहिले. कोणाचाही विजय न होता सर्वांची अडचण दूर झाली.

हा तोडगा कराराच्या मुदतीपुरताच होता. १९९३ नंतर फ्रान्सनेही पुरवठा थांबविला. पुढे १९९५ मध्ये चीनकडून आणि २००१ मध्ये रशियाकडून इंधन आले. दरम्यान तारापुरातच नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या, भारतीय बनावटीच्या ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये कार्यान्वित झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण येथील ग्रामस्थांना विस्थापित व्हावे लागले. ऊर्जास्वावलंबनाचा हिशेब करताना ही किंमत वगळता येत नाही.

समारोप

सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाने भारताला सूट दिली आणि ऑक्टोबरमध्ये भारत-अमेरिका अणुकरारावर स्वाक्षऱ्या झाल्या. अनेक देशांकडून युरेनियम मिळविण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

या साडेचार दशकांचा अर्थ केवळ ‘अमेरिकेने शब्द फिरविला’ एवढाच घेणे अपुरे ठरेल. इंधनाची निवड हाच परराष्ट्रधोरणाचा निर्णय असतो, हे १९६३ मध्ये पुरेसे ध्यानात घेतले गेले नाही. दीर्घ मुदतीचा करार सुरक्षिततेची हमी देत नाही. कारण करार करणारी सरकारे आणि त्यांचे कायदे बदलतात. सुरक्षितता लाभते ती पुरवठ्याच्या अनेक पर्यायांतून आणि वाटाघाटीच्या वेळी आपल्या हाती असलेल्या बळातून. वणीच्या कोळशाला स्वतःचे प्रश्न आहेत. परंतु त्याच्या पुरवठ्याचा निर्णय देशातच होतो. तारापूरला हे भाग्य लाभले नाही, आणि म्हणूनच त्याचा इतिहास ऊर्जाधोरणाच्या अभ्यासकाने विसरू नये असा आहे.