दूरच्या संगणकाचा पडदा

लिनक्स संगणकाचा डेस्कटॉप दुसऱ्या ठिकाणाहून वापरण्याची सोय खुद्द लिनक्सपेक्षा जुनी आहे. तिचे मूळ युनिक्सच्या काळात सापडते. त्या काळी यंत्र एका खोलीत असे आणि वापरणारा तारेने जोडलेल्या टेलिटाइपपुढे बसे. आज्ञा टंकायची आणि उत्तर कागदावर छापून यायचे, तेही सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे या वेगाने. १९६९ साली अर्पानेट या संगणकजाळ्यासाठी टेलनेटची आखणी सुरू झाली आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर लॉगिन करणे शक्य झाले. मात्र तारेतून जात होती ती फक्त अक्षरे.

चित्रमय पडदा दूरवर नेण्याचा प्रश्न १९८३ मध्ये सुरू झालेल्या एमआयटीच्या ‘प्रोजेक्ट अथेना’त पुढे आला. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच जाळ्यात जोडायची होती आणि विद्यार्थ्याने कुठल्याही यंत्रापुढे बसून काम करावे, अशी अपेक्षा होती. बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या ‘डब्ल्यू’ या प्रणालीवरून नवी प्रणाली रचली. वर्णमालेतले पुढचे अक्षर म्हणून तिला ‘एक्स’ हे नाव मिळाले. १९८७ मध्ये आलेली तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स-११, पुढे युनिक्सच्या जगात रुजली.

एक्समध्ये पडद्याचे चित्र तारेतून जात नाही, चित्र काढण्याच्या सूचना जातात: इथे रेघ ओढा, इथे ही अक्षरे लिहा, ही खिडकी वर आणा. चित्र उमटते ते वापरणाऱ्याच्या टेबलावरच. त्यामुळे ‘सर्व्हर’ हा शब्द येथे उलटा वाटतो. पडदा, कीबोर्ड आणि माऊस सांभाळणारे वापरणाऱ्याजवळचे सॉफ्टवेअर हा सर्व्हर, तर दूरच्या यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम हा त्याचा ग्राहक.

लिनक्सचा जन्मही दूरस्थ वापराशीच जोडलेला आहे. हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स यांनी घरून विद्यापीठाच्या युनिक्स यंत्राशी जोडून घेण्यासाठी टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि तोच वाढत १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा झाला. लवकरच त्यावर एक्स चालू लागले. एक्सच्या गुणांबरोबर त्याचे दोषही आले. सगळी वाहतूक उघडी होती, आणि ज्या प्रोग्रॅमला पडद्यावर प्रवेश मिळे त्याला इतर खिडक्यांत टंकलेल्या कळाही वाचता येत.

यावरचा उपायही फिनलंडमधूनच आला. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपून घेतल्यानंतर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ‘एसएसएच’ लिहिले. फाइल पाठवण्याच्या एफटीपीचा पोर्ट २१ आणि टेलनेटचा २३ होता. मधला २२ मोकळा होता, तो त्यांनी मागून घेतला. एसएसएचने लॉगिन सांकेतिक केले आणि एक्सच्या सूचनाही त्याच बंदिस्त मार्गाने नेण्याची सोय दिली. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या युनिक्सवंशी प्रणालीच्या मंडळींनी त्याची मुक्त आवृत्ती ‘ओपनएसएसएच’ काढली.

अंतराचा प्रश्न मात्र उरला. एक्सचे प्रोग्रॅम सर्व्हरशी सतत विचारणा करतात आणि प्रत्येक उत्तराची वाट पाहताना संथ दुव्यावर खिडकी रेंगाळते. शिवाय जोडणी तुटली की बहुधा प्रोग्रॅमही बंद पडतो. केंब्रिजमधील ऑलिव्हेटी आणि ओरॅकल यांच्या संशोधन प्रयोगशाळेने वेगळी वाट धरली. तिथल्या ‘व्हीएनसी’मध्ये, जे १९९८ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले झाले, सूचनांऐवजी चित्रच पाठवले जाते. पडद्याचा जो आयत बदलला तेवढ्याचेच ठिपके जातात आणि उलट दिशेने कळा व माऊसच्या हालचाली येतात. सत्र दूरच्या यंत्रावरच राहते, त्यामुळे जोडणी तुटली तरी अर्धवट काम जागेवर सापडते.

लिनक्सवर व्हीएनसी दोन तऱ्हांनी बसवतात. एका तऱ्हेत समोरच्या खऱ्या पडद्याचीच प्रत पाठवली जाते. दुसऱ्या तऱ्हेत स्मृतीत एक अदृश्य पडदा तयार होतो आणि त्यावर स्वतंत्र सत्र चालते. या दुसऱ्या पद्धतीत डेस्कटॉप सुरू करण्याची सूचना दिली नसेल, तर जोडणी होऊनही नुसता करडा पडदा दिसतो. मूळ व्हीएनसीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे धरली जात आणि चित्रे उघडीच जात. म्हणून त्याचा ५९०० क्रमांकाचा पोर्ट जगासाठी खुला न ठेवता एसएसएचच्या बोगद्यातून नेण्याची रीत पडली.

त्याच १९९८ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर दूरचा डेस्कटॉप वापरण्यासाठी ‘आरडीपी’ आणले. त्याचा पोर्ट ३३८९. लिनक्सवरून विंडोजमध्ये शिरण्यासाठी ‘आरडेस्कटॉप’ तयार झाले आणि विंडोजवरून लिनक्समध्ये शिरण्यासाठी ‘एक्सआरडीपी’. विंडोजमध्ये ग्राहक प्रोग्रॅम आधीपासून असल्याने ही दुसरी सोय कार्यालयांना विशेष उपयोगाची ठरली.

२००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी एक्सला पर्याय म्हणून ‘वेलँड’ सुरू केले. त्यात प्रत्येक प्रोग्रॅम आपले चित्र स्वतः काढतो आणि दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू शकत नाही. एक्समधली जुनी फट बुजली, पण नेटवर्कवरून खिडकी पाठवण्याची अंगभूत सोयही गेली, आणि एक्सवर उभी असलेली जुनी साधने येथे निरुपयोगी ठरली. पडदा टिपण्यासाठी डेस्कटॉपची परवानगी घेणारा वेगळा मार्ग बांधावा लागला. ‘ग्नोम’ या लिनक्स डेस्कटॉपच्या २०२२ मधल्या ४२ व्या आवृत्तीत आरडीपी आले. तरीही समोर कोणी लॉगिन केलेले असणे गरजेचे होते. पडदाच न जोडलेल्या यंत्रावर थेट दूरून लॉगिन करण्याची सोय ग्नोम ४६ ने २०२४ मध्ये दिली.