टाकाऊ लाकूड आणि वडिलांचे हात

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजपणे करतो की त्यामागचे ज्ञान आणि श्रम नजरेआड होतात. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक समूहाचा गिटारवादक ब्रायन मे याच्या ‘रेड स्पेशल’ या गिटारविषयी बहुधा हेच घडते. जुन्या शेकोटीच्या लाकडातून घडलेली गिटार, एवढीच तिची ओळख उरते. ही ओळख खोटी नाही; अपुरी आहे.

ऑगस्ट 1963 मध्ये सोळा वर्षांच्या ब्रायनने वडील हॅरल्ड मे यांच्यासह हे काम हाती घेतले. अमेरिकन बनावटीची फेंडर गिटार या लंडनच्या उपनगरातल्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. परंतु केवळ पैशाच्या अभावातून असे वाद्य निर्माण होत नाही. ब्रिटनमधील शिधावाटप 1954 पर्यंत चालू होते. युद्धकाळात, 1943 मध्ये, जुन्याची डागडुजी करून भागवण्याचे धडे सरकारनेच पुस्तिका काढून दिले होते. त्या पिढीला वस्तू टाकून देणे ठाऊक नव्हते. त्यात हॅरल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. घरातला दूरचित्रवाणी संचही त्यांनीच जुळवलेला.

गिटारची मान जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कोरली गेली. किडीने पाडलेली भोके काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. धडासाठी जुन्या टेबलाचे ओक लाकूड आले. मानेवरील खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे, आणि स्वर हलवणाऱ्या दांडीच्या टोकाला तिचीच विणकामाची सुई. ही यादी मोहक आहे, आणि बहुतेक लेखन इथेच थांबते.

वास्तविक या वाद्याचे मर्म यादीत नाही. दांडीने तारा सैल करून सोडल्या की घर्षणामुळे त्या नेमक्या मूळ ताणावर परतत नाहीत आणि वाद्य बेसूर होते, ही त्या काळच्या गिटारींची नेहमीची अडचण होती. पितापुत्रांनी तारांचा आधार पोलादी पात्याच्या धारेवर तोलला, त्यांच्या ताणाला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगांचा ताण विरोधात उभा केला, आणि तारा टेकतात तिथे लहान रुळ बसवले. धडात पोकळ्या राखल्या, जेणेकरून ध्वनिवर्धकातून येणारा नाद लाकडाला पुन्हा कंप देईल. तिन्ही पिकअप एकापुढे एक जोडून प्रत्येकाला दोन स्वतंत्र बटणे दिली. त्यामुळे एकाच गिटारीतून भरदार आणि किनरा असे परस्परविरोधी नाद निघू शकले. हे ‘जुगाड’ नव्हे, प्रयोगशाळेतले काम आहे. त्याला सुमारे दोन वर्षे लागली.

या इतिहासातला खरा ताण मात्र पुढचा आहे. ज्या वडिलांनी हे वाद्य घडवायला आपले कसब दिले, त्यांनाच मुलाने त्या वाद्यामागे जाणे मान्य नव्हते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात सूर्यमालेतील धूलिकणांवर चाललेले संशोधन ब्रायनने अर्धवट सोडले, तेव्हा हॅरल्ड दुखावले आणि दोघांमध्ये दुरावा आला. 1977 मध्ये ब्रायनने आईवडिलांना न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कार्यक्रमाला नेले. तिथे वडिलांना आपला निर्णय उमगला, असे त्याने पुढे सांगितले आहे. त्या रात्री रंगमंचावर पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी गात होता, आणि शेजारी घरच्या कार्यशाळेत घडलेली गिटार वाजत होती.

हॅरल्ड 1988 मध्ये वारले. 2002 मध्ये राणी एलिझाबेथच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावरून ब्रायनने राष्ट्रगीत वाजवले, ते याच गिटारीवर. अर्धवट राहिलेला प्रबंधही त्याने पूर्ण केला आणि 2007 मध्ये डॉक्टरेट मिळवली. ती पाहायला वडील नव्हते. त्यांनी घासूनपुसून घडवलेली गिटार मात्र तेव्हाही वाजत होती.